जिनिव्हात घातलेलं गाऱ्हाणं

नाही म्हणायला मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा पेज पिऊन परत आलो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता आणि मी वेंगुर्ल्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. कुडाळच्या वाटेवर आत रानाला लागून एक ठाकरवाडी आहे. तिथला सोमा ठाकर देवळादेवळांतून रंगीत चित्रं दाखवून कथा गायचा. हे त्याचं पिढीजात काम. मुंबईच्या एका संस्थेच्या लोकांनी त्याचा खेळ पाहिला आणि जगभरच्या आदिवासींच्या हक्कांसाठी जिनिव्हात भरणाऱ्या मंचावर त्याला बोलवायचं ठरवलं. तिकीट त्यांचं. दुभाषा म्हणून मालवणी आणि इंग्रजी दोन्ही येणारा माणूस हवा होता, तो मी. मला विमानाची भीती वाटायची, म्हणून मी नको म्हणायला जायचो.

तिसऱ्या खेपेला सोमाची मुलगी शालन पेजेचा वाडगा घेऊन आली. दहावी झालेली, चुणचुणीत पोर, तिला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी जातीचा दाखला लागत होता. कचेरीने अर्ज तीन वर्षांत तीनदा परत पाठवलेला. म्हणे, कोकणातले ठाकर ते आदिवासी कशावरून? कागद आणा. आता पिढ्यान् पिढ्या चित्रं दाखवत फिरणाऱ्यांकडे कागद कुठला!

"मास्तरांनु," सोमा म्हणाला, "कचेरीत कोण आयकणा नाय. थंय तरी सांगून बगतंय. तुमी येवा नाय तर माका गप बसूचां लागतला."

शालन दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. हो म्हणालो.

प्रत्येकाला तिथे पाच मिनिटं मिळणार होती. मी घड्याळ घेऊन सोमाच्या ओसरीवर त्याच्या तालमी घेतल्या. खेळ सुरू करण्याआधी तो देवाला गाऱ्हाणं घालतो त्याच चालीत तो बोलायचा. मी म्हटलं, नमनाला घडाभर तेल नको, मुद्द्यावर ये. पण त्याला दुसऱ्या तऱ्हेने चार माणसांत बोलताच येत नव्हतं. शेवटी बसलं एकदाचं पाच मिनिटांत. त्याची बायको पारू आणि शेजारपाजारचे पायरीवर बसून ऐकायचे आणि प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हटलं की हे आलंच. इतकं आलंच, की माझ्या कानांनी त्याची नोंदसुद्धा घेतली नाही. असा मी शहाणा मास्तर.

कोकण रेल्वे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आता कुडाळला गाडीत बसता आणि डुलकी संपते न संपते तोवर मुंबई येते; तेव्हा एसटीत अख्खा दिवस हाडं खिळखिळी व्हायची. हेडमास्तरांनी चतुर्थीच्या आत परत येण्याच्या अटीवर रजा दिली होती. खारेपाटणला चहासाठी गाडी थांबली तेव्हा सोमाने खाली उतरून जिल्ह्याच्या दिशेने हात जोडले. पुढे रत्नागिरी, म्हणजे त्याच्या हिशेबाने परदेश तिथूनच सुरू.

जाणाऱ्यांसाठी एक अनुभवाचा सल्ला: सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, सामानात नेऊ नका. पारूने पिशवीभर बांधून दिली होती. जिनिव्हाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पिशवी उघडली आणि नाक धरून दोन पावलं मागे सरकला. मग त्याने चित्रांची पोथी काढली. माझ्या तोंडचं पाणी पळालं, पुराणवस्तू समजून जप्त केली तर? सोमाने शांतपणे एक पान उघडून जटायूच्या पंखावर बोट ठेवलं आणि दोन ओळी गाऊन दाखवल्या. अधिकारी हसला. सुंगटं ठेवून घेतली आणि पोथी परत दिली. माझा जीव भांड्यात पडला. सोमाचा मात्र सुंगटांसाठी दोन दिवस तळमळत होता.

शहर देखणं आहे. तळं एवढं मोठं की आपल्याला खाडीच वाटावी. रस्त्यातल्या कारंज्यांचं पाणी पिता येतं आणि ते फुकट आहे. हे लक्षात ठेवा, कारण कॉफीची किंमत ऐकून मी कप तसाच परत सरकवला होता. आम्ही एका धर्मशाळेसारख्या वसतिगृहात उतरलो होतो. तळ्यातला मासा खाऊन सोमा म्हणाला, "गोड्या पाण्यातलो. काटो आसा, पण चव खंय?"

तिसऱ्या दिवशी त्याची पाळी आली. सभागृह भलंमोठं, प्रत्येकाच्या कानाला यंत्र, त्यातून आपापल्या भाषेत भाषण ऐकायचं. मालवणीचा दुभाषा त्यांच्याकडे कुठून असणार! म्हणून मला मागच्या काचेच्या खोलीत बसवलं. सोमा एकटाच पुढे ध्वनिक्षेपकाशी. कानातलं त्याने काढून ठेवलं होतं, कानात किडा शिरल्यासारखं वाटतं म्हणून.

त्याने हात जोडले. "बा जगाच्या म्हाराजा, आज आमी तुज्या दारात उभे आसंव..."

आणि थांबला.

मी इंग्रजीत सांगून टाकलं आणि पुढच्या वाक्याची वाट बघू लागलो. सभागृह चिडीचूप. सोमा डावीकडे बघतोय, उजवीकडे बघतोय. मी काचेवर हात आपटला, पण कुणाला ऐकू जाणार! अध्यक्षबाई बराच वेळ थांबल्या, मग गोड हसल्या, आभार मानले आणि त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं. सोमासमोरचा लाल दिवा विझला.

मी धावत बाहेर आलो. त्याच्यावर खेकसलो. "मेल्या, पाट केलेलां इसारलंस? गप कित्याक रवलंस?"

"इसराक नाय," तो म्हणाला. "कोणच व्हय म्हणूक नाय, मास्तरांनु. मगे फुडे कसो जातलंय? म्हटलंय, हेंका पण पटाक नाय. कचेरीसारख्याच."

माझा राग जागच्या जागी विरला. गाऱ्हाण्याला माणसं व्हय म्हणेपर्यंत पुढचं वाक्य उचलायचं नसतं. एवढ्या जगाने आपल्याला नाही म्हटलं, असं समजून हा माणूस भरल्या सभेत उभा राहिला होता. तालमीत पायरीवरचे आवाज मी मोजलेच नव्हते. चूक सगळी माझी होती. मी त्याला तसं सांगितलं आणि त्याचा हात धरून माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचो काय दोष? तेंची रीत तशी." पण रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सचिवांच्या मागे लागलो. यादी भरली आहे, म्हणाले. शेवटच्या दिवशी वेळ उरला तर दोन मिनिटं. उपाहारगृहात आमच्या टेबलावर इंगा नावाची एक धिप्पाड बाई बसायची. उत्तरेकडच्या बर्फात रेनडियर पाळणाऱ्या लोकांची. तिने विचारलं, तुमचा माणूस मध्येच का थांबला? मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "आम्हाला शिकवा ते शब्द."

मग काय विचारता! जेवणाच्या रांगेत सोमा मास्तर झाला. कुठल्या बेटांवरचे, कुठल्या डोंगरातले, कुठल्या वाळवंटातले लोक ताटं हातात धरून "वोय माराजा" घोकत होते. सोमाही कडक निघाला. "पोटात्सून येवक होया," म्हणून एका म्हाताऱ्याकडून त्याने चारदा म्हणवून घेतलं.

शेवटच्या दिवशी संपता संपता दोन मिनिटं मिळाली.

"बा जगाच्या म्हाराजा, आज ही खंयखंयची पोरां तुज्या दारात उभी आसत..."

"वोय माराजा!" एकटी इंगा. पण काय आवाज तिचा!

"आमच्याकडे कागद नाय, चित्रां आसत."

"वोय माराजा!" आता अख्खी रांग.

"आमी खंयसून इलंव म्हणान इचारतत, तेंका सांग. आमी खंयसून येवक नाय. आमी हयलेच."

"वोय माराजा!" सगळं सभागृह.

"आणि माज्या शालनीक शिकाक जावचां आसा. तिची वाट मोकळी कर रे म्हाराजा."

शेवटचा होकार उठला तेव्हा मी काचेच्या खोलीत हमसून हमसून रडत होतो. शेवटच्या वाक्याचं इंग्रजी करायचं राहूनच गेलं, आणि कुणाचंच अडलं नाही. मंचाच्या इतिवृत्तात त्याचं म्हणणं टाईप झालं, वाडीच्या नावासकट. त्या पानाची प्रत घेऊन आम्ही परत निघालो. विमानात सोमा लहान मुलासारखा गाढ झोपला.

येताना खारेपाटणला पोचलो तेव्हा पावसाने झोडपून काढलं होतं आणि भजी गरम होती. आपला जिल्हा, आपली भाषा, आपली भजी! मी दोन प्लेट खाल्ल्या. चतुर्थी चार दिवसांवर होती, नर्सिंगच्या प्रवेशाची मुदतही तेवढीच. दुसऱ्याच दिवशी कचेरी गाठली.

जिनिव्हाचं पान बघून आम्हाला पहिल्यांदाच आत बोलावलं. साहेब देशावरचे, नव्याने बदलून आलेले. पान उलटसुलट करून म्हणाले, "मला हे इंग्रजी राहू द्या. तुम्ही तिथे काय सांगितलंत, ते मला सांगा."

सोमाने हात जोडले. "आमी हयलेच, साहेब."

आणि थांबला. सवयच ती.

मी तोंड उघडणार, एवढ्यात पाठीमागच्या टेबलावरून आवाज आला. "व्हय म्हाराजा."

तो कारकून होता. तीनदा अर्ज परत पाठवणारा तोच. बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

कारकून उठून उभा राहिला. "नाही साहेब... म्हणजे हो. यांचा बाप आमच्या देवळात चित्रं घेऊन यायचा. त्याच्या आधी यांचा आजा. आजोबांनी मला खांद्यावर बसवून यांच्या आजाचा खेळ दाखवलाय. रानातले ठाकरच हे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग अर्ज तीनदा परत का पाठवलात?"

"कागद मागायचा हुकूम होता, साहेब. मला कोणी विचारलंच नाही."

"आता विचारतो. लिहून द्या. गावातल्या आणखी दोघांचे जबाब घ्या."

त्याने खाली बसून लिहिलं. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दाखला हातात पडला. घोडं गंगेत न्हालं! माझ्या छातीवरची धोंड उतरली. कचेरीच्या पायरीवरच बसून मी पोटभर हसून घेतलं.

वाटेत सोमा म्हणाला, "काखेत कळसो नि गावाक वळसो. मगे आपण जिनिव्हाक कित्याक गेलंव, मास्तरांनु?"

त्या पानाशिवाय आत बोलावलं नसतं, हे खरं. पण मला स्वतःचीच लाज वाटते. मीही इथलाच, लहानपणापासून ठाकरांचे खेळ बघत आलेलो. त्या तीन वर्षांत कचेरीत जाऊन 'हो, हे इथलेच' एवढं मला म्हणता आलं असतं. सुचलं नाही. इंगाला मात्र एका जेवणात सुचलं.

शालन पुढे नर्स झाली आणि नोकरी पुरी करून आता निवृत्तही झाली आहे. परवा तिनेच माझा रक्तदाब तपासला आणि खारं खाण्यावरून मला झापलं.

त्या संध्याकाळी आम्ही दाखला घेऊन वाडीत शिरलो, तेव्हा पारू ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. सोमा अंगणातूनच म्हणाला, "शालनीची वाट मोकळी झाली गो."

पारूने मान वर केली नाही. "व्हय म्हाराजा," म्हणाली. मग सूप बाजूला ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली.