अकरा जणांचे एकोणीस गुण

मनोरुग्णालयाच्या तीन नंबर वॉर्डात त्यांना सगळे ब्रदर म्हणत. रुग्ण म्हणत, सिस्टर म्हणत, आणि एकदा भेटायला आलेले सख्खे मेहुणेही बोलता बोलता ब्रदर म्हणून गेले. वीस वर्षं नर्सिंग केल्यावर त्यांचं खरं नाव उरलं होतं ते फक्त हजेरीपटावर.

ब्रदरांचं कसब एकच, ऐकणं. भिंतीतून कुणी बोलतंय असं रुग्णानं सांगितलं तरी ते अशा आस्थेनं चौकशी करत, की सांगणारा खूश होऊन मुकाट गोळी घेई. घरी मात्र उलटा कारभार. बायको म्हणे, वॉर्डात साठ जणांचं ऐकता, आणि मी गॅस संपला म्हटलं की तुमच्या कानात बोळे. त्यात तथ्य होतं. घरात पाऊल टाकलं की ब्रदरांच्या कानांचं शटर खाली येई, तेही कुलपासकट.

वॉर्डात खाटा चाळीस, माणसं साठ. दोन वर्षांत तिघा कर्मचाऱ्यांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी फिरकलं नाही. ब्रदरांची झोप हळूहळू पळाली. आणि गेल्या मंगळवारी, सकाळच्या औषधांच्या फेरीत, त्यांनी मास्तरांच्या हातावर शेजारच्या खाटेची गोळी ठेवली.

मास्तर म्हणजे निवृत्त गणितशिक्षक, वॉर्डातले जुने रुग्ण. त्यांनी ती गोळी चष्म्यापाशी धरली, विद्यार्थ्याची चूक धरावी तशी.

"ब्रदर, माझी पांढरी असते. ही गुलाबी आहे. झोप झाली नाही वाटतं?"

ब्रदर हसले, गोळी बदलून दिली, आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं नुसते उभे राहिले. घडलेलं कुणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात नव्या डॉक्टरबाईंनी कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची तपासणी काढली. बारा प्रश्नांचा फॉर्म, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज वीस किंवा जास्त भरली तर सक्तीची विश्रांती आणि मग हलकं काम. हलकं काम म्हणजे रेकॉर्ड रूम. तिथे गेलेला माणूस वॉर्डात परतल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ब्रदरांना धडकी भरली ती त्याचीच. माणसांत वीस वर्षं काढून आता कागदांची धूळ झाडायची?

पण फॉर्म त्यांना तोंडपाठ होता. रुग्णांच्या थकलेल्या नातेवाइकांकडून ते हाच फॉर्म वर्षानुवर्षं भरून घेत आले होते. सगळीकडे शून्य टाकलं तर पाणी मुरतंय हे कुणीही ओळखेल, हेही त्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी चवीपुरता ताण टाकला. इथे दोन, तिथे एक, पाठदुखीला उदारपणे तीन. झोपेच्या प्रश्नाला शून्य. बेरीज बरोब्बर एकोणीस.

शुक्रवारी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावलं. हातात फॉर्मांचा गठ्ठा.

"अकरा जणांनी फॉर्म भरले," त्या म्हणाल्या, "आणि अकराही जणांचे गुण एकोणीस."

खोलीत सगळ्यांना एकाएकी पंखा बघण्याजोगा वाटू लागला. शेवटी मोठ्या सिस्टर, ज्यांचा शब्द वॉर्डात शेवटचा, गंभीरपणे म्हणाल्या की एकाच वॉर्डात राबतो, तर ताणही सारखाच असायचा. हशा पिकला. डॉक्टरबाईही हसल्या.

ब्रदरांना हसू आलं नाही. हातचलाखी आपण एकट्यानंच केली, असं ते समजत होते. अकरा जणांनी केली असेल, तर या खोलीत गुलाबी गोळ्या किती असतील?

"मंगळवारी मी मास्तरांना चुकीची गोळी दिली," ते म्हणाले. "त्यांनी ओळखली म्हणून निभावलं. महिनाभर झोप नाही मला. माझे एकोणीस खोटे आहेत."

हसणं जागच्या जागी थांबलं. डॉक्टरबाईंनी मास्तरांची तब्येत विचारली, झालेल्या चुकीची नोंद करायला सांगितली, आणि ब्रदरांना उद्यापासून तीन आठवडे घरी राहायला. पुढे वॉर्ड मिळेल का, या प्रश्नावर त्या खोटं बोलल्या नाहीत. आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या. ब्रदरांनी औषधांच्या कपाटाची किल्ली मोठ्या सिस्टरांपुढे ठेवली. सिस्टर पुटपुटल्या, स्वतः बुडालात ते बुडालात, आम्हालाही ओढलंत. आणि किल्ली उचलता उचलता त्यांनी डॉक्टरबाईंकडे कोरा फॉर्म मागितला. सात जणांनी मागितला. चौघे एकोणीसवर ठाम राहिले.

ब्रदर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पुन्हा भरायला लागले. या खेपेला वेळ लागला. बेरीज निघाली एकतीस. कागद दूर धरून, अनोळखी रुग्णाचा वाचावा तसा, त्यांनी तो वाचला. आणि त्यांच्या मनात आलं, या माणसाला कुणीतरी कधीच घरी पाठवायला हवं होतं.