स्टुलाला दिलेली वाट

"बघितलं? कसा बराबर चुकवला!" डॉक्टर खदाखदा हसला. हॉलमधले सगळे हसले. मी काय चुकवलं, ते माझं मलाच ठावं न्हाई.

नव्या जालन्यात एका मंगल कार्यालयात दिव्यांग दाखल्याचं शिबिर होतं. मी अन् बा मंठ्याकडून सकाळच्या एसटीनं गेल्तो. बारावी तोंडावर आल्ती. दाखला मिळाला तं लेखनिक मिळणार. तो पेपर वाचणार, मी सांगणार, तो लिहिणार. न्हाई मिळाला तं खेळ खलास. ऐकून ऐकून सगळं पाठ होतं माझं, पण पेपर वाचता येत नव्हता.

जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बारा वर्षांचा झालो तव्हा ऑपरेशन झालं. पट्टी निघाली अन् माय म्हणली, "बाळा, मी दिसते का?" मला नुसता रंगांचा काला दिसला. त्यात माय कोणती अन् भिंत कोणती, काहीच कळंना. माय लई रडली. तिला वाटलं, ऑपरेशन बिघडलं.

मंग एक मॅडम भेटल्या. मेंदू कसा बघतो, हे त्यांचं संशोधन. त्यांनी पडद्यावर एकावर एक आकृत्या दाखवल्या. "किती आहेत?" मी म्हणलो, एकच. मंग त्यांनी त्यातली एक सरकवली. अरे, दोन!

त्या म्हणल्या, "डोळे साफ झालेत. पण बघायला मेंदूला शिकावं लागतं, आणि तुझ्या मेंदूचं शिकायचं वय अंधारात गेलं. हलतं ते तुला सुटं दिसतं. थांबलेलं एकमेकांत मिसळतं." छापील ओळीचं तसंच. एकेक अक्षर मोठं करून दिलं तं ओळखतो, ओळ आली की सगळा गिचका. तोवर जो तो म्हणायचा, सोंग करतो. मला काय दिसतं, हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. दाखल्यासाठी त्यांनी तसं पत्र लिहून दिलं.

शिबिरातल्या डॉक्टरनं ते पत्र वाचलंबी न्हाई. डोळ्यांत बॅटरी मारली. "एकदम साफ आहेत." मंग कागदावरचं आडनाव मोठ्यानं वाचलं. बाला म्हणला, "एक सवलत आहे ना आधीच? आता आंधळेपणाचीपण पाहिजे?"

बानं हात जोडले. बियाण्याच्या गोदामात हमाली करणारा माणूस तो.

"इकडं ये," डॉक्टर मला म्हणला. मी निघालो. मधीच कायतरी काळं हललं. मला वाटलं, साहेबच उठून आले. झटकन बाजूला सरलो, मान खाली घातली. मोठ्या माणसाची चाहूल लागली की वाट द्यायची, हे बानं मी चालायला लागलो तव्हापासून शिकवलं. त्याला त्याच्या बानं शिकवल्तं.

साहेब नव्हता तो. डॉक्टरनं पायानं ढकललेला स्टूल होता. मी स्टुलाला वाट दिल्ती. तोच माझ्याविरुद्ध पुरावा झाला.

"साहेब, ते हललं म्हणून..."

"चूप. नाटकी साला."

कारकुनानं बापुढं कागद सरकवला. "पोराला दिसतं, अर्ज मागं घेतो, असं लिहिलंय. त्याला सही कर म्हणावं. न्हाईतर फसवणुकीची केस होईल."

बानं माझ्या हातात पेन दिला. "कर बाळा. जाऊ दे."

मी कारकुनाला म्हणलो, "काय लिहिलंय, वाचून दाखवा."

"तुला दिसतं ना? तूच वाच."

परत सगळे हसले. मला रडू आलं. लाज वाटली, अन् डॉक्टरच्या आधी माझाच राग आला. ही मान कुणापुढंबी अशी लवते, न बघताच लवते!

पेन टेबलावर ठेवला. "न्हाई करणार."

"अरे, केस होईल!" बा घाबरला.

"होऊ दे."

केसबिस काही झाली न्हाई. पण दाखलाबी मिळाला न्हाई. परीक्षेत तीन तास तो गिचका पुढं घेऊन बसलो. उत्तरं डोक्यात, कागद कोरा. नापास. बा अजून म्हणतो, सही केली असती तं काय बिघडलं असतं? त्याचं खरं हाये. नापास तसाबी झालोच असतो.

यंदा परत शिबिर हाये, डॉक्टरबी तोच. बा येत न्हाई म्हणला, त्याच्यानं बघवत न्हाई. एकटा जाणार. दाखला मिळंल, असं मला वाटत न्हाई. पण या वेळी नकार लेखी मागणार, त्याच डॉक्टरच्या हातानं, त्याच्या सहीनं: याला काय दिसतं, हे मी विचारलं न्हाई. ते लिहून देईपर्यंत त्याच्या टेबलासमोरून हलणार न्हाई.