दहा सामन्यांचं पॅकेज

अमेरिकेत बॉथेलला आमच्या शेजारी राहणारे नागपूरचे काका दरवर्षी बेसबॉलच्या दहा सामन्यांचं पॅकेज घ्यायचे, दोन खुर्च्यांचं. सुटं तिकीट महाग पडतं म्हणून. काकू यायच्या नाहीत, मग दुसऱ्या खुर्चीवर मी. इंजिनियर होणारा आमच्या घरात मी पहिला, पण या खेळाने मला पुरतं गोंधळवलं. काकांनाही तो कळत नसे. "चेंडू वर गेला की वर बघायचं," एवढंच ते शिकवायचे.

एकदा पुढच्याच रांगेत माझा मॅनेजर निघाला. माझे ग्रीन कार्डचे कागद त्याच्या सहीसाठी थांबले होते. तसं मी काकांच्या कानात सांगितलंही.

पाहुण्या टीमचा खेळाडू बॅट घेऊन आला आणि सगळं स्टेडियम हुर्यो उडवू लागलं. मॅनेजर तर उभा राहून ओरडत होता. काकाही उभे राहिले, पण टाळ्या वाजवत. एकटेच.

मी त्यांचा शर्ट ओढला. "काका, तो समोरच्या टीमचा आहे!"

"माहीत आहे ना बाप्पा. एवढ्या लांबून आला बिचारा. आल्या आल्या शिव्या घालाव्या का?"

मॅनेजरने वळून आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईने म्हणालो, "ही डझंट नो द गेम."

काका हसले आणि खाली बसले.

पुढचा पाहुणा खेळाडू आला तेव्हा त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पण बसून, अगदी हळू. माझी सही अडू नये म्हणून, की माझं बोलणं लागलं म्हणून, ते मला अजून समजलेलं नाही.