साहेबाचं नाव

अस्ताना सोडलं त्या सकाळी बाहेर उणे सव्वीस होतं आणि ओवी दहा महिन्यांची. तिला इतकं गुंडाळलं होतं की नाक तेवढं दिसत होतं. खालच्या मजल्यावरच्या गुल्या आजी टॅक्सीपर्यंत आल्या, वाळवलेल्या जर्दाळूंची पुडी माझ्या खिशात कोंबली आणि म्हणाल्या, त्सेलिनोग्रादला विसरू नका. त्यांच्या तरुणपणी शहराचं नाव ते होतं. टॅक्सीवाला अस्ताना म्हणत होता. आणि सरकारी कागदांवर तिसरंच नाव होतं, कझाकस्तानावर तीसेक वर्षं बसून राहिलेल्या हुकूमशहाचं. तो खुर्चीवरून उतरला आणि राजधानीला लगेच त्याचं नाव लागलं. बाजारात, बसमध्ये ते कुणाच्या तोंडी मी फारसं ऐकलं नाही. आमच्या घरात तर नाहीच. आम्ही त्याला नुसतं 'साहेबाचं नाव' म्हणायचो.

मंदारच्या नोकरीपायी मी वर्ध्याहून तिथे गेले होते. ओवी जन्मली ती साहेबाच्या नावाच्या काळात, त्यामुळे तिच्या जन्मदाखल्यावर ते नाव आलं. ते माझ्या हातात नव्हतं. पण तीन आठवड्यांनी तिचा पासपोर्टचा फॉर्म मी भरत होते, आणि जन्मस्थळाच्या चौकटीत मी ठरवून 'अस्ताना' लिहिलं. माझ्या लेकीच्या पासपोर्टवर त्या माणसाचं नाव मला नको होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी फोनवर बाबांना मोठ्या फुशारकीने सांगितलं. बाबा पोस्टातून रिटायर झालेले, नावं आणि पत्ते यांच्याबाबतीत भलते काटेकोर. मला वाटलं रागावतील. तर हसून म्हणाले, "बरं केलंस. जिवंतपणी गावाला स्वतःचं नाव देणाऱ्याचं काय ऐकायचं?" ती शाबासकी मी कितीतरी वर्षं मिरवली.

मग अमेरिकेतलं श्रूजबरी. इथे सगळं सुरळीत झालं, असं मागे राहिलेल्यांना वाटतं आणि आपणही त्यांना तसंच वाटू देतो. ड्राइव्हवेवरचा बर्फ, मंदारचं व्हिसा एक्स्टेन्शन, रविवारी मराठी शाळा, तिथे मराठीत विचारलं की ओवीचं इंग्रजीत उत्तर. बाबांनी तिला प्रत्यक्ष कधी पाहिलंच नाही. आधी कोविड, मग भारतात गेल्यावर व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल ही भीती, मग माझी नवी नोकरी. दर रविवारी ते फोनच्या स्क्रीनला इतकं चिकटून बसायचे की आम्हाला त्यांचं कपाळच दिसायचं.

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. रिन्यूअलला पाठवला आणि परत आला. दाखल्यावर एक जन्मस्थळ, पासपोर्टवर दुसरं. भारतीय वकिलातीत खिडकीमागच्या बाईंनी मला नीट, शांतपणे दोन रस्ते सांगितले. दाखल्यावरचं नाव पासपोर्टवर घेतलं तर काम लवकर होईल. नाहीतर तिकडून 'अस्ताना' लिहिलेला नवा दाखला आणा. मंदार म्हणाला, "कशाला ताणतेस यार, लिहून टाक ना." मी ऐकलं नाही. कारण मधल्या काळात तिथल्या सरकारने साहेबाचं नाव काढून शहराला पुन्हा अस्ताना केलं होतं. म्हणजे मीच बरोबर होते. इतकी वर्षं मी एकटीच बरोबर होते, असंही वाटलं.

ते बरोबर असणं मला सात महिन्यांना पडलं. तिकडच्या नोंदणी कार्यालयाचं उत्तर आलं की अर्जदाराने स्वतः यावं किंवा मुखत्यारपत्र पाठवावं. मुखत्यारपत्र पाठवलं, ते अनुवादातल्या चुकीवरून परत आलं. पुन्हा पाठवलं. आणि एका गुरुवारी दादाचा फोन आला. बाबांना झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. ये, एवढंच म्हणाला.

ओवीकडे चालू पासपोर्ट नव्हता. मी एकटी गेले, आठ दिवसांसाठी.

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात बाबांनी मला ओळखलं, पण बघितलं माझ्या मागे, दाराकडे. बराच वेळ बघत राहिले. मग जड जिभेने विचारलं, "पोर?" मी सांगितलं, कागद अडकलेत. कुठले ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा चहा आणायला गेला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "साहेबाचंच लिही. मी काही म्हणणार नाही. तिला आण."

आयुष्यात बाबांनी कुणापुढे मान तुकवलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी ती माझ्या हट्टापायी तुकवली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

परत आल्यावर त्याच दिवशी फॉर्म उघडला. ज्या नावाला घरात बंदी होती ते कॅपिटल अक्षरांत, एकेक अक्षर तपासून टाइप केलं. बाबा गेले तेव्हा फाइल 'अंडर प्रोसेस' होती. ओवीला सांगितलं तर तिने विचारलं, "सो वी आर नॉट गोइंग?"

अकरा दिवसांनी पासपोर्ट आला. मी तो किचनच्या ओट्यावर ठेवला आणि दुपारपर्यंत उघडला नाही. उघडल्यावर एकही चूक सापडली नाही. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. दादा म्हणतो, घर तुझंच आहे. खरंच आहे ते. पण माझं घर म्हणजे दाराकडे बघत बसलेला एक माणूस होता, हे मला आत्ता कळतंय, सगळे कागद पूर्ण झाल्यावर.