मोंब्रेलच्या बुरुजाच्या दरजा

मोंब्रेल गावात ओनेझिम गवंड्याला दारूचा पेला कधी स्वतःच्या पैशानं घ्यावा लागला नाही. का, तर पन्नास वर्षांपूर्वी, ऐन पंचविशीत त्यानं गढीचा बुरूज वाचवला. गढीत सगळ्यात जुना तो बुरूजच, सातशे वर्षांचा. मोठ्या खिडक्यांची राहती इमारत नंतरची, लढाया थांबल्यावरची. बुरुजाची भिंत वावभर, दोन्ही हात पसरावेत इतकी जाड. बाहेर घडीव दगड, आत घडीव दगड, मध्ये चुना-खडीचं भरण.

त्या वर्षी दरजांतला, दगडांमधल्या फटींतला चुना गळायला लागला होता. ओनेझिमचा बाप म्हणाला, "चुनाच भर. वर्षभर खड्ड्यात मुरव आणि मग भर." पण वर्षभर थांबतो कोण? सिमेंट सकाळी कालवलं की दुसऱ्या दिवशी दगड. पोरानं बापाला येड्यात काढलं आणि परांची पोचली तिथवरच्या सगळ्या दरजा सिमेंटनं चिणल्या. एकटा तोच नव्हे, त्या काळी अख्ख्या मुलखानं हाच शहाणपणा केला. तेव्हा कोणाला काय म्हणायचं?

चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडते. सिमेंटनं तिचं तोंडच बांधलं. पाणी आत साचलं, हिवाळ्यात गोठलं, फुगलं. वीस वर्षांनी बुरुजाला पोट सुटलं. ओनेझिम दर शरदात पहाटे जाऊन ओळंबा लावायचा आणि पोट बोटभर वाढलेलं बघून गुपचूप घरी यायचा. बायकोलासुद्धा त्यानं कधी सांगितलं नाही.

शेवटी सरकारी तपासनीस आले. म्हणाले, बुरूज कोसळायच्या आत उतरवा.

मस्यू तिबो, गढीच्या मालक घराण्यातले शेवटचे, गावच्या कॅफेत ओनेझिमसमोर येऊन बसले. "आमच्या पूर्वजांनी कामचुकार गवंडी लावले हो, ओनेझिम. आत नुसता चिखल भरलाय म्हणे. तुम्ही होतात म्हणून पन्नास वर्षं तरी मिळाली."

खरं बोलायची ती वेळ होती. पण शहात्तराव्या वर्षी माणसाजवळ उरतं काय? बायको गेलेली, गुडघे गेलेले. नाव तेवढं होतं. ओनेझिमनं पेला उचलला आणि मेलेल्या गवंड्यांच्या नावावर स्वतःचं पाप खपवलं.

मे महिन्यात परांची चढली. ओनेझिमला खाली खुर्ची टाकून दिली होती, मानाची. पहिल्या दिवशी एकही दगड सुटेना. कामावरची मुकादम सोलेन घामाघूम होऊन उतरली.

"ओनेझिमबाबा, वरची दोन वाव भिंत लोखंड आहे नुसती. पहार वाकली. तिथल्या दरजा कोणी भरल्या?"

"कोणीच नाही. माझी परांची तिथवर पोचली नव्हती."

तिसऱ्या दिवशी त्याखालचा भाग आला. तिथं पहारच लागली नाही. सिमेंटची पापडी निघाली आणि मागून ओला राडा ओघळला. सोलेननं मूठभर आणून मस्यू तिबोंच्या हातावर ठेवला. एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि परत चढली.

तिबोंनी तो राडा बोटांत चोळून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "हे त्या जुन्या गवंड्यांचं काम नाही तर?"

"नाही, मस्यू. त्यांचं काम ते वरचं. हे माझं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं."

तिबो चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त राड्यानं भरलेला हात कोटाला पुसला.

"आणि तेव्हा तुम्ही काहीच केलं नसतं तर?"

ओनेझिम खुर्चीतून उठला. उठायला वेळ लागला.

"दरजा गळत राहिल्या असत्या," तो म्हणाला, "आणि बुरूज उभा असता."