‘मांडव’ गाण्यातले देव

२०१७च्या मे महिन्यात उलव्याच्या ‘खारफुटी’ या तिघांच्या रॅप गटाचे ‘मांडव’ हे गाणे पनवेल ते उरण सगळीकडे वाजत होते. त्यात हिराबाई या धवलारणीचा (लग्नाचे विधी धवले गाऊन लावणारी बाई) आवाज आहे. गटाचा गायक रोहित याच्या बहिणीची हळद गुरुवारी होती आणि हिराबाईंनी यायला नकार दिला होता. या गाण्यावर लिहायला मी बुधवारी सकाळी पनवेलला उतरलो.

स्टेशनबाहेर मिनीडोर (सहा आसनी रिक्षा) भरेपर्यंत ‘मांडव’ दोनदा वाजले. मी मागे वळून स्पीकरकडे पाहिले.

“बंद करू काय, शेट?” ड्रायव्हर म्हणाला. “मंग तुमाला गावं लागंल.”

“नको रं बाबा,” शेजारची मासेवाली म्हणाली. “त्यापरीस ह्योच बरा.”

उलव्याच्या रस्त्यावर डंपरची रांग होती. टेकडी अर्धी कापलेली. सेक्टरच्या पाट्या लागल्या होत्या, इमारती यायच्या होत्या. धूळ काचेवर, ओठांवर, बिस्किटाच्या पुड्यावर.

चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रेकॉर्डिंगसाठी भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत रोहित येरझारा घालत होता. चुलतभावाच्या लग्नात त्याने हिराबाईंना विचारूनच फोनवर धवला घेतला होता. त्यातला त्याने देवांना मांडवात बोलावण्याचा भाग निवडला. “गावदेवी, एकवीरा, खंडोबा... नावं बीटवर सरळ बसली,” तो म्हणाला.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुका जवळा (बारीक कोळंबी) होता. वाढणारी सुप्रिया म्हणजेच नवरी.

“दादा, तुला अख्खं उरण ऐकतं,” ती म्हणाली. “माझ्या मांडवात कोण गाणार? तुझा मिक्सर?”

एकीने नाकारलेल्या घरी दुसरी धवलारीण जात नाही. रोहितने भाकरी अर्धी टाकली आणि मोटरसायकलची किल्ली उचलली. मी मागे बसलो. नेहमीचा रस्ता खणलेला निघाला. दोनदा वळून, एकदा गाडी ढकलत आम्ही खाडीकाठच्या गावात पोचलो.

हिराबाई अंगणात बांबूवर बोंबील वाळत घालत होत्या. साठी ओलांडलेली, आवाज खणखणीत.

“आला काय गायक!”

“काकी, आवाज वापरला म्हणून राग आहे का?”

“आवाजाचा काय? बाजारात पन वरडतेच मी. देव बोलावलंस ना? रिक्षात बोलावतंस, हाटेलात बोलावतंस. लगीन झाल्यावर त्यांना परत पाठवायचा धवला हाय, तो कुटं हाय तुज्या गान्यात?”

हिराबाईंनी आणखी एक बोंबील बांबूवर टाकला.

“ते अजून मिनीडोरमधी फिरतान. तुज्या बहिनीच्या मांडवात बोलवू कोनाला?”

“गाणं काढून टाकतो.”

“लोकांच्या फोनमधून पन?”

त्याने खिशातून फोन काढला. “मग पाठवणी म्हणा. आत्ता घेतो, शेवटी जोडतो.”

“मांडवाबाहेर धवला म्हनायचा नाय. इतकं पन ठाव नाय तुला?”

रोहितने अंगणभर दोन फेऱ्या मारल्या. मग बोंबलांच्या दांडीजवळ थांबला. “मांडव इथंच घातला तर?”

हिराबाईंनी त्याच्याकडे पाहिले. “उंबराची फांदी लागंल,” त्या म्हणाल्या.

बोंबील सुपात गेले. चार बांबू उभे राहिले. उंबर शोधायला रोहित बांधापर्यंत धावला. परत आला तेव्हा हाताला चीक आणि मुंग्या होत्या. शेजारच्या दोन बायका येऊन बसल्या. एकीने विचारले, “नवरा कुटं हाय?” दुसरी हसत सुटली.

हिराबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि एकेका देवाचे नाव घेऊन त्याला त्याच्या ठिकाणी जायला सांगितले. मधे एक डंपर गेला. त्या थांबल्या, तेच नाव पुन्हा घेतले. रोहितने सगळे रेकॉर्ड केले. पाठवणी शेवटी जोडलेले गाणे त्याच संध्याकाळी त्याने इंटरनेटवर टाकले. जुने लोकांच्या फोनमध्ये राहिले.

मी उलव्यातच मुक्काम केला. गुरुवारी सकाळी हिराबाई आल्या. दारातच त्यांनी डीजेच्या वायरी काढायला लावल्या. मग मांडवात बसून गावदेवीचे नाव घेतले. दुपारी सुप्रियाला हळद लागली.