कळंब्याच्या वाटेवरची मिसळ

माझ्या फजित्या गावाला पाठ आहेत, कारण त्या मीच सांगत फिरलोय. सायकलच्या पेडलात अडकणारे बूट घालून दसरा चौकात सिग्नलला थांबलो आणि उभ्या उभ्या, सायकलसकट, एका आजींच्या भाजीच्या पिशवीवर आडवा झालो — ही तर मी नकलेसह करून दाखवतो. पण एक गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलोय. उरलेली अर्धी बायकोला माहीत नाही, पहाटे पळणाऱ्या आमच्या ग्रुपला माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं — बघतो जमतंय का.

आधी गाव सांगतो. टाळाटाळ म्हणा हवं तर.

कोल्हापूर पूर्वी पैलवानांचं होतं, आता पळणाऱ्यांचं झालंय. पळणाऱ्यांचं, पोहणाऱ्यांचं, सायकलवाल्यांचं. आमच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर एकाच दिवसात पोहतो, सायकल मारतो, वर बेचाळीस किलोमीटर पळतो आणि दमत नाही. त्याची आई त्याचे कपडे धुऊन दमते. अशा गावात राहण्याचं सुख काय? सुख हे की पहाटे तुम्हाला कुणी एकटं राहूच देत नाही. रंकाळ्यावर जरा टेकलात की अनोळखी माणूस पाठीत थाप मारतो — "उठा पावणं, बसायला आलाय व्हय?" आणि दुःख? दुःख हे की रात्री नऊला सगळं गाव झोपतं. उद्या पळायचंय ना. तुमच्याकडं कोण येऊन बसणार? पूर्वी लोक "जेवलास काय" विचारायचे, आता "किती झालं?" विचारतात. जो पळत नाही त्याला सांगायला काहीच नसतं. मग त्याला कोण काय विचारणार?

मी बँकेतून निवृत्त झालो त्याच वर्षी बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. ती अजून तिथंच आहे; नातू आता शाळेत जातो. रोज फोन असतो. पण फोन ठेवला की घरात आवाज म्हणजे कुकरची शिट्टी. खरं सांगतो, एकदा वरण झालं होतं तरी मी आणखी दोन शिट्ट्या होऊ दिल्या.

म्हणून मी ग्रुपात शिरलो. पळायची आवड? छे. पळून झाल्यावर कट्ट्यावर बसतात ना, त्यासाठी.

तिथं भेटले बसूअण्णा. मूळचे गडहिंग्लजकडचे, शहरात हार्डवेअरचं दुकान, माझ्याच वयाचे, माझ्याहून जाड आणि माझ्याहून हळू. माझ्याहून हळू माणूस मिळणं म्हणजे काय, हे ज्याला शेवटी राहायची सवय आहे त्यालाच कळेल. अण्णा मला "सायेब" म्हणायचे. मी नकला करायचो, ते पोट धरून हसायचे. पण पळण्याच्या बाबतीत माणूस माझ्यासारखा नव्हता. साखरेचा त्रास निघाल्यावर लेकीनं, गिरिजानं, रडून वचन घेतलं होतं. आणि हा माणूस खरोखर सुधारला होता. एकवीस किलोमीटरची स्पर्धा पुरी करायची, गळ्यात पदक घालायचं आणि ते गिरिजाच्या पोराच्या गळ्यात घालायचं — वर्षभर दुसरं बोलणं नाही. "आपुन दोघं जोडीनं पळायचं, सायेब. सोडायचं न्हाय एकमेकाला." मी म्हणालो, हो.

आता इथून जरा जड जातं.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी जोतिबाच्या घाटात लांबचा सराव होता. मला जायचं नव्हतं. कंटाळा, दुसरं काही नाही. पण कंटाळा कसा सांगायचा? मी अण्णांना बाजूला घेऊन म्हणालो, "छातीत जरा जड वाटतंय. कुणाला बोलू नका." हे "कुणाला बोलू नका" मी का जोडलं? खरं वाटावं म्हणून. अण्णांचा चेहरा उतरला. "डॉक्टरला दाखवा ओ आधी." दाखवलं म्हणालो. तेही खोटं.

स्पर्धेची वाट कळंब्याकडं जायची आणि तिथून वळून त्याच रस्त्यानं परत. त्या वर्षी वळणावर नोंद घेणारं यंत्र वगैरे काही नव्हतं. पोरं उभी राहून टाळ्या वाजवायची, एवढंच. वळणाच्या बऱ्याच अलीकडंच माझ्या पायात गोळे आले. म्हणजे — आलेच असते. अण्णांना म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं." ते जाईनात. "छाती?" म्हणाले. "छाती ठणठणीत, जावा." गेले. चारदा वळून बघत गेले.

त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर मी छातीवरचा नंबर सोडून खिशात घातला आणि कोपऱ्यावरच्या मिसळीच्या दुकानात शिरलो. मिसळ मागवली, वर झणझणीत रश्श्याचा जादा कट घेतला. तिथंच बसून राहायचं आणि परतीची गर्दी आली की तिच्यात मिसळायचं, असं ठरवलं. इथपर्यंत ही फजितीच आहे, नाही? इथपर्यंतची मी हसवून सांगू शकलो असतो.

परतीच्या माणसांत अण्णा आले. लालबुंद, घामानं निथळलेले, पण चांगल्या वेळात. तसेच गेले असते तर पदक होतं. पण ते मी बसलो होतो त्या दुकानासमोर, जिथं आमची ताटातूट झाली होती बरोबर तिथं, थांबले. समोरून येणाऱ्यांत मी कुठंच दिसलो नव्हतो ना. पाण्याच्या टेबलावरच्या पोरीला हातानं माझी उंची, माझा चष्मा दाखवून विचारलं. रुग्णवाहिकेपाशी जाऊन आत वाकून बघितलं. मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून मला हाका मारल्या — सायेब, ओ सायेब. दुकानदारसुद्धा बाहेर बघायला लागला.

मी पेपर उचलला आणि तोंडापुढं उभा धरला.

उठून नुसता हात वर करायचा होता. हसले असते. शिव्या घातल्या असत्या, नंतर एक मिसळ माझ्याकडनं वसूल केली असती, आणि पळत सुटले असते. मला ते कळत होतं. मी पेपर धरून बसलो, आणि अण्णा मागं फिरले — परत कळंब्याकडं, मला शोधायला. ते दिसेनासे झाल्यावर मी हात धुतले, नंबर लावला आणि पळायला लागलो. मिसळीचे ढेकर देत, पण पळालो.

शेवटच्या रेषेवर पदक मिळालं. गिरिजा तिथं पोराला कडेवर घेऊन, हार घेऊन उभी होती. "काका, अण्णा कुठं राहिले?" म्हणाली. म्हणालो, "येतील मागनं."

वेळ संपली. कमान उतरवायला लागले. मागं राहिलेल्यांना उचलून आणणारी बस आली, त्यातून अण्णा उतरले. मला बघितलं. गळ्यातलं पदक बघितलं की नाही माहीत नाही, मला मात्र घट्ट मिठी मारली. "हायसा व्हय! हायसा!" आणि हा लोखंड विकणारा माणूस रडायला लागला. भोवती ग्रुप जमला. मी काय बोललो असेन?

"मी तुमच्या मागनंच तर आलो की, अण्णा. शेजारनं गेलो. तुम्हीच बघितलं न्हाई."

सगळे हसले. अण्णाही हसले, डोळे पुसत. त्याच संध्याकाळी गंगावेशीत, धारोष्ण दुधाचे पेले हातात असताना, मी ती गोष्ट रचून सांगितली — अण्णा हरवलेल्या माणसाला शोधत कळंब्याला दोनदा जाऊन आले आणि हरवलेला माणूस पदक घालून उभा. काय रंगली! नंतर अण्णा दिसले की जो तो म्हणायचा, "काय अण्णा, सायेब घावले काय?" अण्णा हसायचे. मग पहाटे येणं कमी झालं. पुढच्या वर्षी त्यांनी नाव घातलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं पळणं कायमचं बंद केलं.

मी अजून जातो रंकाळ्यावर. ग्रुप मोठा झालाय, सगळे हात करतात, सगळ्यांना माझ्या फजित्या हव्या असतात. पण माझ्या चालीनं चालणारं कुणी नाही. पळून झाल्यावर कट्ट्यावर बसतो, मग घरी येतो, कुकर लावतो.

परवा अण्णांच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं, गडहिंग्लजला. मला मुद्दाम पहिल्या पंगतीत, व्याह्यांच्या शेजारी बसवलं. पानं वाढून झाली, गोडाची गव्हाची हुग्गी तेवढी फिरत होती, आणि अण्णा म्हणाले, "सायेब, ती आमची गोष्ट सांगा की. पावण्यांना ऐकू दे." गिरिजाही म्हणाली, "सांगा की काका."

मी सांगितली. उठून, नकलेसह सांगितली. अण्णा रस्त्यावर कसे उभे होते, एक हात कमरेवर, दुसरा कानाच्या पाळीशी नेऊन माझी उंची कशी दाखवत होते, मग तोच हात डोळ्यांपुढं आडवा धरून चष्मा कसा दाखवला — सगळं जसंच्या तसं. व्याही हसून हसून खोकायला लागले.

गिरिजा म्हणाली, "अगदी समोर बसून बघितल्यागत करताय की काका."

अण्णांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग वाढप्याला हाक मारली आणि माझ्या पानाकडं बोट दाखवून म्हणाले, "हुग्गी वाढ रे इकडं. तूप सोड वरनं."

मी खाली बसलो आणि जेवलो.